चिमीचे धनुष्य: किती ओढीचे करायचे?

पार्श्वभूमी

प्रकरण आमच्या घरातलेच आहे. म्हणून मुलांची खरी नावे देत नाही आणि गावही सांगत नाही. साताऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे, एवढे पुरे. भाची तेव्हा आठ वर्षांची होती. तिला चिमी म्हणू. ती साताऱ्यात राहते आणि सुटी लागली की आजोळी येते. माझा मुलगा तिच्याहून दोन वर्षांनी लहान, त्याला बंड्या म्हणू. मी कारखान्यात नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी सुतारकी करतो. स्टुले, फडताळे, देव्हारा हे जमते. धनुष्य कधी केले नव्हते.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी कंपाउंड, म्हणजे चाके लावलेल्या धनुष्याच्या, प्रकारात जगज्जेती झाली. वय १७. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव त्याआधीच टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला होता. तेव्हा आमच्या भागातल्या पोराने धनुष्य मागावे यात नवल नव्हते. चिमीने सगळ्यांकडे मागितले. सगळ्यांनी "बघू" म्हटले. मग तिने स्वतःच केले.

घरामागे कळकाचे, म्हणजे बांबूचे, बेट आहे. तिथली एक कांब, सुतळी आणि खराट्याचे हीर, एवढ्यावर काम भागले. गणपतीत पडवीवर हा खेळ चालू असताना बंड्या पडलेला बाण उचलायला मध्ये धावला आणि हीर त्याच्या भुवईखाली घुसला. पापणी सुजून डोळा मिटला. डॉक्टरांनी बुबुळ तपासले, ते वाचले होते. दोन आठवड्यांत सूज उतरली, पण जागा बोटभर खाली असती तर काय झाले असते, हे सांगायची गरज कोणालाच पडली नाही. १९८७ ते १९९० या काळात दूरदर्शनवर आधी रामायण आणि मग महाभारत चालू होते, तेव्हा आम्हीही अशाच हिरांनी एकमेकांवर बाण सोडले आहेत. आम्ही वाचलो ते नशिबाने, अकलेने नव्हे.

अडचण

त्या रात्री घरात तीन मते पडली. बंड्याची आई म्हणाली, "अहो, आता त्या धनुष्याचं नावसुद्धा नको." तिचे चुकत नव्हते, पोर तिचे होते. ताईने, म्हणजे चिमीच्या आईने, फोनवर सांगितले की ती बाजारातून प्लॅस्टिकचे आणून देईल. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून होते. ते म्हणाले, "बंदी घालून काय हुतंय? कळकाचं बेट मागंच हाय. तूच दे करून, पण नरम कर. नरम असलं की लागत न्हाई."

आबांच्या पहिल्या वाक्याने बंदीचा विषय संपला. चिमी पुन्हा कांब तोडणार आणि यावेळी आमच्या नजरेआड तोडणार, हे उघड होते. त्यांचे शेवटचे वाक्य मात्र मला रात्रभर टोचत राहिले. ज्याने बंड्याला लागले ते धनुष्य नरमच होते. दोन बोटांनी ओढता येईल इतके नरम. नरम म्हणून आम्ही त्याला खेळणे समजलो, खेळणे म्हणून कोणी लक्ष दिले नाही, आणि बाणाला टोक होते.

समोरचे पर्याय

प्लॅस्टिकचे धनुष्य ताईने खरोखर आणले. रबरी चकतीचा बाण तीन मीटरवर जाऊन जमिनीला टेकायचा. चिमीने अर्ध्या तासात चकती उपटली आणि बाणाला पेन्सिलसारखे टोक केले. भारतात २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) मानक सक्तीचे आहे, आणि चकती सहज निघू नये ही अपेक्षाही त्यामागे असते. पण कंटाळलेल्या पोरापुढे कुठलेही मानक फार काळ टिकत नाही.

तिरंदाजीची अकादमी हा दुसरा पर्याय. साताऱ्यात ती सोय आहे आणि आज ना उद्या तोच रस्ता, हे मलाही पटत होते. पण आठव्या वर्षी रोज संध्याकाळी नेणे-आणणे ताईला जमणारे नव्हते. फायबरचे मुलांचे धनुष्य मागवणे हा तिसरा. ते सरळ होते, झटपट होते. मी ते घेतले नाही याचे प्रामाणिक कारण सांगतो: मला करायचे होते. प्रकरण लिहिताना हे लपवण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या दोन चुका याच हौसेपोटी झाल्या.

उरला पर्याय लाकडाच्या धनुष्याचा. बंड्याच्या आईने अट घातली: बाणाला टोक नको, आणि मोठे माणूस हजर नसताना धनुष्य खाली उतरवायचे नाही. मी हो म्हटले.

पहिला प्रयत्न: साग

घराच्या चौकटीतून उरलेली सागाची पट्टी माझ्याकडे होती. साग चांगला, सरळ, वाळलेला. मी नेटवर मोठ्या माणसाच्या धनुष्याची मापे पाहिली, सगळी निम्मी केली आणि रंधा मारायला बसलो. आता हसू येते. धनुष्य म्हणजे फोटो नव्हे की लहान करून छापावे.

दिवाळीच्या सुटीत पट्टी तयार झाली. दोरी बांधून मी ती हाताने ओढू लागलो. तीस-बत्तीस सेंटिमीटर आली असेल, आणि काडकन आवाज होऊन वरची भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा वाकणारा भाग, मुठीपासून वीतभर अंतरावर तुटली. तुटलेला तुकडा माझ्या कोपरापाशी ओरखडा काढून भिंतीवर आपटला.

मी दोन्ही तुकडे उन्हात नेऊन पाहिले. कारण दिसायला सोपे होते. धनुष्याला दोन बाजू: ओढणाऱ्याकडे तोंड केलेली आतली बाजू दाबली जाते, आणि लक्ष्याकडची बाहेरची बाजू ताणली जाते. बाहेरच्या बाजूचे रेषे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जायला हवेत. माझ्या पट्टीत ते तिरपे जाऊन कडेला संपत होते, बरोबर जिथे तुटले तिथेच. चौकटीच्या कामात असा तिरपेपणा चालतो, कारण चौकट वाकत नाही. सागाला मी दोष देत नाही. पट्टी निवडताना मी रेषे पाहिले नाहीत, फक्त रंग आणि गुळगुळीतपणा पाहिला.

याहून मोठी चूक म्हणजे ते हाताने ओढणे. त्या दिवशी चिमी माझ्यासमोर उकिडवी बसून "मामा, आता मी" असे म्हणत होती. तुकडा डावीकडे गेला, ती उजवीकडे होती.

माप: धनुष्याचे नव्हे, मुलीचे

इथे काम थांबवले. खरे तर सुरुवात इथून करायला हवी होती.

आधी तिचे हात पसरून मोजले: एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत १२४ सेंटिमीटर. तिरंदाजीत ओढीची लांबी, म्हणजे दोरी किती मागे ओढायची ते अंतर, काढायचा ढोबळ हिशेब म्हणजे हा आकडा भागिले अडीच. म्हणजे साधारण ५० सेंटिमीटर. लाकडी धनुष्य ओढीच्या दुपटीहून थोडे लांब ठेवले तर लाकडावर जोर कमी येतो, म्हणून लांबी १२० सेंटिमीटर ठरवली. मी सागाची पट्टी ९० ची केली होती. तुटायला हेही एक कारण पुरेसे होते.

मग जोर. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खुंटीला अडकवली, दुसऱ्या टोकाला बॅगांचे वजन करायचा डिजिटल काटा लावला आणि चिमीला धनुष्य ओढल्यासारखी ओढ घ्यायला सांगितले. तिने दात आवळून ८ किलोपर्यंत नेले आणि विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिले. पण तिचा डावा हात लटपटत होता, खांदा कानाला टेकला होता आणि काटा ८ वर क्षणभरही थांबत नव्हता. मी म्हटले, "आता पाच आकडे मोजेपर्यंत धर." ७ ला जमले नाही. ६ ला चौथ्या आकड्याला हात सुटला. ५ किलोला तिने तीनदा शांतपणे धरले आणि वर विचारले, "मामा, हे सोपं आहे, जास्त नको का?"

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला निर्णय या पाच मिनिटांत झाला. ८ किलोचे धनुष्य केले असते तर ती ते ओढू शकली असती, पण धरू शकली नसती. बाण तिला हवा तेव्हा नव्हे, हात थकेल तेव्हा सुटला असता, आणि तो कुठे बघत असताना सुटला असता ते देव जाणे. आबांच्या म्हणण्यासारखे दोन किलोचे केले असते तर आठवड्यात ते कोपऱ्यात पडले असते आणि कांब परत आली असती. तिला पूर्ण ओढून पाच आकडे थांबता येईल, इतकेच कडक. मी ४.५ ते ५.५ किलो ही मर्यादा भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली.

धामण

लाकूड आबांकडून आले. माळ्यावर धामणाच्या झाडाचा एक दांडा दहा-बारा वर्षे पडून होता. बैलगाडीच्या कामासाठी तोडून ठेवलेला, आणि मग बैलच गेले. धामण चिवट. आपल्याकडे कुऱ्हाडीचे दांडे, कावडी यांना तेच घ्यायचे, कारण झटका बसला तरी ते वाकून परत येते. जुन्या निघंटूंत, म्हणजे वनस्पतींच्या कोशांत, त्याला धनुर्वृक्ष म्हटले आहे. हे मला नंतर समजले. आबांना नाव माहीत नव्हते, गुण माहीत होता. दांडा हातात देताना एवढेच म्हणाले, "करवत लावू नगो. कुऱ्हाडीनं उभा फाड, मंग कळंल रेषा कुठं जातीया."

फाडल्यावर लाकूड आपल्या रेषेने दुभंगले आणि हलका पीळ दिसला. त्यातला सरळ भाग घेतला. बाहेरची बाजू सालीखालच्या एकाच वर्षवलयावर ठेवली, तिथे रंधा टेकवला नाही. सगळे लाकूड आतल्या बाजूने काढायचे. मधोमध हाताच्या मुठीपुरता जाड भाग, तिथे रुंदी ३ सेंटिमीटर, टोकांकडे निमुळती होत दीडच्या आत.

या वेळी ओढायला मी नव्हतो. गोठ्याच्या भिंतीवर खुंटी मारून धनुष्याची मूठ तिच्यावर आडवी टेकवली, दोरीला दुसरी दोरी बांधून खालच्या कप्पीतून तीन मीटर लांब नेली आणि तिथून ओढली. मुले दाराबाहेर. भिंतीवर कोळशाने आडव्या-उभ्या रेघा आखल्या होत्या, त्यामुळे दोन्ही भुजा सारख्या वाकतात का ते दिसायचे. डोळा फसवतो म्हणून मोबाइलवर फोटो काढून उलटा करून पाहिला. डावी भुजा मुठीपासून वीतभर अंतरावर एकाच जागी मोडल्यासारखी वाकत होती, पुढे टोकापर्यंत काठीसारखी सरळ. पहिल्यांदा हात त्याच जागेकडे जातो, कारण दोष तिथे दिसतो. पण ती जागा आधीच पातळ आहे. तिला पेन्सिलने फुली मारली आणि बाकीची भुजा काचेच्या तुकड्याने खरवडत गेलो. काच रंध्यापेक्षा हळू चालते, कागदासारखी साल निघते, आणि घाई करता येत नाही हाच तिचा फायदा. दर दहा-बारा खरवड्यांनंतर परत खुंटीवर, वीस-तीस वेळा हळू ओढून सोडणे, मग पुन्हा पाहणे. दोन रविवार यात गेले.

शेवटचा मिलिमीटर घाबरवणारा होता. भुजा मुठीजवळ ११ मिलिमीटर असताना काट्यावर ६.४ किलो आले. लाकडाचा कडकपणा जाडीच्या घनाने बदलतो: एक मिलिमीटर कमी केला की जोर चौथ्या हिश्श्याने उतरतो. हिशेब कागदावर करून मग हात लावला. १० मिलिमीटरवर काटा ४.८ दाखवत होता. तिथेच थांबलो, जवसाचे तेल चोळले.

दोरीतही एकदा चुकलो. पहिली नायलॉनची लावली, ती दोन दिवसांत ताणून लोंबू लागली. मग चपला शिवायच्या पॉलिस्टर धाग्याचे १६ पदर पिळून नवी केली, ती अजून आहे.

बाण

धनुष्यापेक्षा बाणावर जास्त डोके चालवले पाहिजे, हे उशिरा सुचले. बंड्याला धनुष्याने इजा केली नव्हती.

बांबूच्या आठ मिलिमीटर जाडीच्या सरळ काड्या, लांबी ६० सेंटिमीटर, म्हणजे ओढीहून दहा सेंटिमीटर जास्त. पूर्ण ओढला तरी बाण मुठीवरून आत घसरत नाही. टोकाला स्पंजचा चेंडू, पाच सेंटिमीटरहून मोठा. आकार मुद्दाम: डोळ्याच्या खोबणीत शिरू नये. चेंडूला भोक पाडून काडी खोचली आणि डिंकाने चिकटवली.

पहिल्या आठवड्यात सुरळीत चालले. मग एका संध्याकाळी चिमी बाण घेऊन आली. "मामा, याचं हाड बाहेर आलंय." स्पंज रोजच्या आपटण्याने आतून फाटला होता आणि काडी दुसऱ्या बाजूने नखभर डोकावत होती. म्हणजे आम्ही चेंडूच्या आत हीरच लपवला होता. सगळे बाण त्याच रात्री काढून घेतले. काडीच्या टोकावर पाण्याच्या बाटलीचे झाकण खिळ्याने पक्के केले, खिळ्याचे डोके झाकणाच्या आत, त्यावर चेंडू, वरून कापडी पिशवी आवळून बांधली. आता काडी झाकणापुढे जाऊ शकत नाही. रोज खेळण्याआधी प्रत्येक टोक अंगठ्याने दाबून पाहायचे, हे काम चिमीचे. दोष तिनेच शोधला होता, म्हणून तपासनीसही तीच.

आवारात पाच मीटरवर आजीची जुनी गोधडी दोरीवर सैल टांगली. सैल हवी. ताणून बांधली की बाण उसळून परत येतो. सैल असली की गोधडी मागे झुलते आणि बाण खाली पडतो. उभे राहायची रेघ रांगोळीने. बाण संपेपर्यंत कोणी रेघ ओलांडायची नाही, संपले की धनुष्य जमिनीवर ठेवायचे आणि मग सगळ्यांनी मिळून बाण आणायला जायचे. बाण न लावता नुसती दोरी ओढून सोडायची नाही, कारण मग सगळा झटका लाकडालाच बसतो. हा नियम समजावायला मला सागाचे दोन तुकडे दाखवावे लागले, आणि तेवढे पुरले.

काय झाले

डिसेंबर २०२३ पासून धनुष्य चालू आहे. चिमी आजोळी येईल तेव्हा रोज. कोणाला लागले नाही. बंड्याच्या आईने फेब्रुवारीत स्वतः एक बाण सोडून पाहिला, तो गोधडीच्या वरून गेला, आणि तिने धनुष्य माझ्या हातात परत दिले. "बरं आहे," एवढेच म्हणाली.

नवे भांडण बंड्याने आणले. त्याला ४.८ किलो ओढवत नव्हते आणि चिमी ओढते ते आपल्याला का नाही, यावर रड. एकदा त्याने रेघेवर बसून दोन्ही पायांनी धनुष्य धरून ओढले. तेव्हा धनुष्य गोठ्यात कुलपात गेले.

२०२४ च्या पावसाळ्यात ते तिथेच भिंतीला टेकून राहिले. गणपतीत काढले तेव्हा काटा ४.१ दाखवत होता आणि दोरी उतरवली तरी धनुष्य दोन बोटे वाकलेलेच. लाकडाने ओल ओढली होती. त्यात मुले जूनमध्ये दोरी चढवूनच ठेवून गेली होती. दिवाळीपर्यंत कोरड्या खोलीत आडवे ठेवल्यावर ४.५ पर्यंत परत आले. वाक काही गेला नाही.

वेगळे काय केले असते

मुलीचे हात पहिल्या दिवशी मोजले असते, तर सागाची पट्टी कापलीच नसती.

दोन धनुष्ये केली असती. घरात दोन मुले आणि एक धनुष्य, हा हिशेब मला लाकडाच्या घनाच्या नियमाआधी कळायला हवा होता. बंड्यासाठी २ किलोचे केले असते तरी चालले असते; त्याच्या हाताला तेच पाच आकडे टिकले असते. आबांचे "नरम कर" त्याच्यापुरते बरोबर होते.

बांबूचा विचार मी फार लवकर सोडला. लाकूडच हवे या हट्टात घरामागचे बेट दिसले नाही. बांबूचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात. साल बाहेर ठेवून आतून तासले तर लहान मुलाचे धनुष्य धामणापेक्षा निम्म्या वेळात होते. चिमीने कांब निवडली होती ती काही वाईट निवड नव्हती. वाईट होता तो हीर, आणि पडवीवर रेघ नसणे.

पावसाळ्यात दोरी उतरवण्याचे काम मुलांवर सोडणे ही माझी चूक. आता दाराच्या आतल्या बाजूला खुंटी आहे आणि तिच्यावर आडवे धनुष्य, दोरी वेगळी गुंडाळून.

चिमीचे पसरलेले हात आता १३३ सेंटिमीटर आहेत. जुने धनुष्य तिला अपुरे पडू लागले आहे आणि बंड्याने त्यावर हक्क सांगितला आहे. माळ्यावर धामणाचा दीड मीटरचा तुकडा उरलाय. परवा आबांनी तो खाली काढून ओट्याला टेकवून ठेवला, काही न बोलता. ट्यूबची पट्टी मी शोधतोय.